कुकरची रिंग आणि स्पीकरची पेटी

आमच्याकडचा पाच लिटरचा कुकर लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेला, म्हणजे आता २१ वर्षांचा. त्याच्या रिंगा किती बदलल्या याचा हिशेब नाही. शिट्टी दोनदा बदलली, सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उडाला तेव्हा बदलला, आणि दांड्याचा स्क्रू ढिला झाला की तो मीच आवळतो. आत वाफ कोंडायची तर झाकण हवाबंद बसायला हवं, एवढंच कुकरचं मर्म. तरीही ते झाकण रोज दोनदा उघडतं, आणि त्याला हवाबंद ठेवणारी वस्तू कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली मिळते.

हे सुचायचं कारण म्हणजे गेल्या श्रावणात माझा मुठीत मावणारा ब्लूटूथ स्पीकर बंद पडला. वय वर्षं तीन. आवाज ठणठणीत होता, फक्त बॅटरी धरत नव्हती. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला, तळाचं रबर नखानं उचकटून पाहिलं आणि परत दिला.

"काका, याला उघडायची जागाच ठेवलेली नाही. सगळा चिकटवलाय. सुरी घातली तर बॅटरीला लागायची."

"मग?"

"मग काय, नवा घ्या."

त्याच्या मागे भिंतीशी पंधरा इंची स्पीकरांचे नवे कोन, म्हणजे हलून आवाज काढणारे कागदी पडदे, पत्रावळींसारखे एकात एक घालून ठेवले होते. गणपती तोंडावर आले होते. मंडळांचे, मांडववाल्यांचे फाटलेले, जळलेले स्पीकर त्याच्याकडे ढिगानं पडले होते, आणि त्यातला प्रत्येक तो उघडणार होता, कोन-कॉइल बदलणार होता, चार दिवसांत परत देणार होता. अडलं होतं ते माझ्या मुठीएवढ्या डब्याशी. कंपनीच्या ग्राहकसेवेचं उत्तर ठरलेलं होतं: हे मॉडेल पाण्यापासून सुरक्षित राहावं म्हणून सीलबंद केलेलं असतं, आणि एवढ्या लहान आकारात दुसरा मार्ग नसतो.

लहान आहे आणि हवाबंद आहे, म्हणून उघडणार नाही. ही सबब आता इतकी रुळली आहे की आपण ती निसर्गनियमासारखी ऐकून घेतो. ती खोटी आहे असं माझं म्हणणं आहे. आणि ती खोटी ठरवणारा पुरावा ७० वर्षांपूर्वीच्या एका लाकडी पेटीत आहे.

१९५४ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या ऑडिओ प्रदर्शनात एआर-१ नावाचा स्पीकर पहिल्यांदा लोकांसमोर आला. काळ मोनोचा होता, म्हणजे घरात एकच स्पीकर. पण तो एक म्हणजे काय प्रकरण असायचं! खर्जाचे स्वर नीट ऐकायचे तर पेटी फ्रिजएवढी हवी, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. कोणी दिवाणखान्याचा अख्खा कोपरा अडवणारे हॉर्न बसवत. कोणी कपाटाच्या दाराला किंवा थेट भिंतीला भोक पाडून त्यात बारा-पंधरा इंची स्पीकर ठोकत, म्हणजे कपाट किंवा शेजारची खोलीच पेटी व्हायची. (घरच्या बाईला हे विचारून केलेलं असायचं का, याची नोंद कुठे सापडत नाही.) एआर-१ ची पेटी होती २५ इंच लांब, १४ इंच रुंद आणि साडेअकरा इंचांहून जरा कमी खोल. वजनाला चांगली दणकट, तरी पुस्तकांच्या फडताळात आडवी बसणारी. आणि तिच्यातून निघणारा खर्ज त्या कपाटाएवढ्या धुडांना लाजवणारा.

यामागची युक्ती सांगायलाच हवी, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. स्पीकरचा कोन पुढे-मागे हलतो आणि त्याला जागेवर परत आणायला काहीतरी स्प्रिंग लागते. जुन्या स्पीकरांत ते काम कोनाच्या कडेची आणि मागची ताठ जाळी करायची. असा कोन लहान बंद पेटीत घातला की आतल्या हवेचा ताठपणा त्यात मिळतो, कोन आखडतो आणि खर्ज गायब होतो. म्हणून पेटी मोठी करा, हवा मोकळी ठेवा, हा सरळ उपाय सगळे करत होते. एडगर व्हिल्चर या माणसानं प्रश्न उलटा धरला. हवा स्प्रिंगसारखी वागते ना, मग तिलाच स्प्रिंग होऊ द्या. कोनाची स्वतःची पकड इतकी सैल करा की पेटीबाहेर तो लुळा वाटावा, आणि त्याला सावरायचं काम आत कोंडलेल्या हवेवर सोपवा. हवेची ही स्प्रिंग कापडा-कागदाच्या स्प्रिंगेपेक्षा सरळ चालीची असते, त्यामुळे खर्जातली विकृतीही घटली. पेटीत कोन बसल्यावर त्याचा अनुनाद, म्हणजे तो आपणहून ज्या गतीनं हलू पाहतो ती, सेकंदाला ४३ कंपनांच्या (हर्ट्झच्या) आसपास यायची, म्हणजे चांगली खर्जात. लहान पेटी ही अडचण न राहता गरज झाली. या रचनेचं इंग्रजी नाव 'अकूस्टिक सस्पेन्शन'.

फुकट काहीच मिळत नाही. या स्पीकराला जास्त वॅटचा अॅम्प्लिफायर लागायचा, कारण दिलेल्या विजेतला फार थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडायचा. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाची अट अशी की पेटी खरोखरीची हवाबंद हवी. सुईएवढी फट राहिली तरी स्प्रिंग गळाली. आजच्या ब्लूटूथ डब्याला हवाबंद राहायचं असतं ते पावसाच्या चार थेंबांसाठी. एआर-१ चा श्वासच हवाबंद असण्यावर चालत होता. आणि तरीही तो उघडता येत होता.

उघडता यावा असा तो का केला गेला, याचं माझ्या मते एक कारण त्याच्या जनकाच्या पूर्वायुष्यात आहे. व्हिल्चर शिकलेला कलेचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि रेडिओ-रडारची यंत्रं चालती ठेवायच्या कामाला न्यू गिनीला पाठवलं. परत आल्यावर त्यानं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये दुकान टाकलं, रेडिओ दुरुस्तीचं आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे हाय-फाय संच बांधून द्यायचं. म्हणजे मुळात हा आपल्या बुधवार पेठेतला माणूस. पहिल्या नमुन्यासाठी कोनाची सैल कड हवी होती, ती त्याच्या बायकोनं, रोझमेरीनं, गादीच्या खोळीच्या कापडातून बेतून शिवली. कल्पना घेऊन तो नावाजलेल्या कंपन्यांकडे गेला तेव्हा हे शक्य नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आलं. मग न्यूयॉर्क विद्यापीठात तो शिकवायचा त्या वर्गात बसलेल्या हेन्री क्लॉस या तरुणाबरोबर त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या केम्ब्रिजला अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. एआर हे तिचं लघुरूप. १९६६ पर्यंत अमेरिकेतल्या घरगुती स्पीकरांच्या बाजारात तिचा वाटा ३२ टक्क्यांवर पोचला होता. पुढच्या एआर-३ चा नमुना आता स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

संग्रहालयाचं राहू दे. माझा भाचा बॉस्टनजवळ राहतो. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यातून त्यानं एक एआर-२ उचलला. एआर-२ हा १९५७ चा, एआर-१ चा धाकटा भाऊ, दहा इंची वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) आणि जवळजवळ निम्म्या किमतीचा. एकच मिळाला, कारण मूळ मालकानं तो मोनोच्या दिवसांत एकच घेतला होता. मी तिकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी आम्ही तो उघडला.

सुरुवातीला कापडाची जाळी काढताना माझा जीव वरखाली होत होता. ते काम नाजूकच आहे, खोटं कशाला सांगू. पुढचं मात्र सरळ निघालं. वूफर स्क्रूंनी आवळलेला. त्याच्या कडेखाली मऊ पुट्टी, खिडकीच्या काचेची असते तशी, पण कधी न वाळणारी. "मामा, ती पुसू नका हं, सील म्हणतात ते हेच," भाचा म्हणाला. आत काचतंतूंचा कापूस ठासून भरलेला. मागच्या बाजूला उंच स्वरांचा तोल साधायचा एक खुंटा होता, तो आतून गंजला होता, म्हणून वरचे दोन छोटे स्पीकर मुके झाले होते. साफ करून बोलेना, तेव्हा नवा बसवला. कपॅसिटर बदलला. वूफर परत बसवला, पुट्टी दाबली, स्क्रू आवळले. मग भाच्यानं मला कोन बोटांनी अलगद आत दाबून सोडायला सांगितला. तो झटकन परत आला नाही. क्षणभर रेंगाळला आणि दम घेतल्यासारखा सावकाश वर आला. हवा आत कोंडली गेल्याची ती खूण. ६० वर्षांहून जुनी पेटी आम्ही दोघा हौशी माणसांनी उघडली होती आणि ती पुन्हा हवाबंद झाली होती.

हा प्रसंग मी जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी सांगत नाही. 'पूर्वीचं सगळं टिकाऊ' या सुरातलं रडगाणं मला आवडत नाही आणि एआरच्या बाबतीत ते खरंही नाही. याच कंपनीनं १९७० च्या सुमारास वूफरची कापडी कड सोडून फोमची कड घेतली. फोम काही वर्षांत हवेनंच कुजतो, बोट लावलं की भुगा होतो. कापडी कडेचे जुने वूफर आजही चालतात, फोमवाले नवे मात्र दहा-पंधरा वर्षांत फाटले. तेव्हा पूर्वजांनाही चुका करता येत होत्या. पण त्या चुकीचं पुढे काय झालं ते पाहा. फोम कुजला, तर लोकांनी तो खरवडून नवा चिकटवला, आणि त्या कामाचा जगभर एक छोटा धंदाच उभा राहिला. वस्तू उघडता येत होती म्हणून बनवणाऱ्याची चूक वापरणाऱ्याला निस्तरता आली. माझ्या ब्लूटूथ डब्यात चूकसुद्धा नव्हती, बॅटरी तिच्या आयुष्याप्रमाणे संपली एवढंच. बॅटरी संपणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कंपन्यांच्या बाजूनं एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे, तो टाळून चालणार नाही. एआर-१ ची किंमत १८५ डॉलर होती. १९५४ मध्ये ही मोठी रक्कम. एवढी महाग वस्तू लोक दुरुस्त करणारच, कंपनीही तिची बडदास्त ठेवणार. दोन हजारांच्या स्पीकराला स्क्रू, रबरी कडी, सुटी बॅटरी हे चोचले कशाला? दुरुस्तीची मजुरी वस्तूच्या किमतीला भिडली की माणूस नवीनच घेतो.

अमेरिकेत हा हिशेब जुळत असेल. भाच्याच्या गावात तासाभराच्या मजुरीत नवा डबा येतो. पुण्यात तसं नाही. इथे बॅटरी मिळाली असती आणि डबा उघडला असता, तर दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडून दोन-तीनशे रुपये घेतले असते आणि मी आनंदानं दिले असते. स्वस्त वस्तू दुरुस्त न करण्याचं अर्थशास्त्र महाग मजुरीच्या देशात जन्मलं. ते आपल्याकडे वस्तूबरोबर खोक्यात बांधून आलं, आणि ज्या देशात कौशल्य मुबलक आणि पैसा तुटपुंजा आहे तिथे त्यानं कारागिराच्या हातातलं काम काढून घेतलं. महागडी वस्तू टाकून देणारा माणूस फारतर उधळा. दोन हजारांचा डबा तीन वर्षांनी नाइलाजानं टाकणारा महिन्याच्या पगारातून पुन्हा दोन हजार काढतो. म्हणून वस्तू जितकी स्वस्त, तितकी ती उघडता येण्याची गरज मोठी.

सरकारला हे कळत नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं ठरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या माहितीचं पोर्टल सुरू झालं. पुढे दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी वेगळी समिती आली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, हत्यारं कोणती लागतात, यावर गुण द्यायचे आणि ते गिऱ्हाइकाला खरेदीच्या वेळी दिसले पाहिजेत, ही कल्पना चांगली आहे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून.

माझी तक्रार इथेच आहे. फोन महाग, म्हणून त्याच्यापासून सुरुवात, हे वरकरणी रास्त वाटतं. पण फोनसाठी गल्लोगल्ली दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे स्क्रीन उचकटायची गरम पाटी आहे, बॅटऱ्यांचे डबे आहेत. बाजारानंच तो प्रश्न अर्धामुर्धा सोडवला आहे. कानात घालायची बोंडं, मनगटावरचे पट्टे, खिशातले स्पीकर यांना कोणी वाली नाही. ती यादीत कधी येणार?

दुसरं असं, की गुण कंपन्यांनीच ठरलेल्या निकषांवर स्वतःचे स्वतः लावून जाहीर करायचे. फ्रान्सनं जानेवारी २०२१ पासून असाच निर्देशांक लागू केला, तिथेही आकडेमोड कंपनीच करते. परीक्षार्थीनंच पेपर तपासायचा, तर निदान फेरतपासणीची भीती तरी हवी. या बाबतीत एआरवाल्यांचा एक उद्योग मला आठवतो. ते गावोगावच्या सभागृहांत फाइन आर्ट्स क्वार्टेट ही नामवंत तंतुवाद्य चौकडी श्रोत्यांपुढे बसवत, शेजारी आपले स्पीकर ठेवत, आणि वादन मधेच थांबवून ध्वनिमुद्रण सुरू करत. वादकांचे गज हलतच राहत. कुठे खरं थांबलं आणि कुठे मुद्रित सुरू झालं, हे पुष्कळांना ओळखता येत नसे. तो जाहिरातीचाच भाग होता, मान्य. पण दावा सभेत, परक्या कानांसमोर मांडलेला होता. शिवाय साठच्या दशकातल्या त्यांच्या हमीपत्रात पाच वर्षं सुटे भाग, मजुरी, कारखान्यापर्यंत जाण्या-येण्याचं भाडं आणि गरज पडली तर नवं खोकंही कंपनीच्या खर्चानं, असं लिहिलेलं असे. असं लिहून देणारा माणूस पेटी चिकटवून टाकणार नाही. चिकटवली तर दुरुस्तीचा भुर्दंड त्यालाच. हमीचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे, त्यावर डिंक वापरायचा की स्क्रू हे ठरतं.

आणि पाण्याची सबब? युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्यात पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या उपकरणांना सवलत आहे. म्हणजे तिथेही ही सबब नियमात शिरलीच. पण सवलत किती, तर घरच्या माणसाऐवजी स्वतंत्र कारागिराला बॅटरी बदलता आली तरी चालेल, इतकीच. कोणालाच येणार नाही, ही मुभा पाण्याच्या सबबीवर तिथे मिळत नाही. आपल्या निर्देशांकानं निदान एवढी रेघ ओढावी: हवाबंद वस्तू सील तोडल्याशिवाय उघडत नसेल आणि ते सील पुन्हा लावता येत नसेल, तर बाकी गुण कितीही असोत, ती नापास. पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा मागून उघडतं, आत रबरी कडी असते, घड्याळजी ती बदलून देतो.

२०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकावर कचरा गोळा करून पुनर्चक्रणाची जबाबदारी त्यांनी टाकली, हे उत्तम. पण त्यांचा भर वस्तू मेल्यानंतरच्या सोपस्कारांवर आहे. माझ्या डब्यातला लोहचुंबक, तांब्याची कॉइल, सर्किट, सगळं धडधाकट असताना ते वितळवायला पाठवणं, याला पुनर्चक्रण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जाता जाता व्हिल्चरची एक गोष्ट. त्याच्या पेटीच्या रचनेचं पेटंट एका स्पर्धक कंपनीनं न्यायालयात आव्हान देऊन रद्द करवलं. तो अपिलात गेला नाही. रचना सगळ्यांना मोकळी झाली. पुढे कंपनी विकल्यावर तो श्रवणयंत्रांवर काम करत राहिला, आणि त्यात जे गवसलं त्याचं त्यानं पेटंटच घेतलं नाही. या औदार्याची अपेक्षा मी आजच्या कंपन्यांकडून करत नाही. त्यांनी आपली गुपितं खुशाल सांभाळावीत. बॅटरी हे गुपित नव्हे.

कुकरच्या रिंगेच्या पाकिटावर ती कोणत्या मापाच्या कुकरला बसते ते आणि तिची किंमत छापलेली असते. स्पीकर विकत घेताना त्याच्या खोक्यावर त्याच्या बॅटरीबद्दल मला एवढ्याच दोन ओळी वाचायच्या आहेत.